गंजाखालचे पाणी

आठवडी बाजारात भाजीच्या रांगा संपतात तिथे, कुठेतरी कडेला, जुन्या लोखंडाचे दुकान जमिनीवरच मांडलेले असते. भंडारा जिल्ह्यातले तुमसर असो, साकोली असो की पवनी, पोत्यावरचा माल साधारण एकाच जातीचा. मूठ निखळलेला विळा, पाते हरवलेला रंधा, डोके ठोकून ठोकून पसरलेली छन्नी, दात झिजलेली करवत, एकाच बाजूने घासलेला हातोडा. सगळे गंजाने तांबूस झालेले. दहा पावलांवर नवे विळे झगझगीत टांगलेले असतात. तरी एखादा जाणता शेतकरी किंवा सुतार त्या गंजक्या ढिगापाशी बसतो, एक पाते उचलतो, टिचकी मारून कान देतो आणि पैसे मोजतो. त्याचा हिशेब साधा आहे. काही जुने विळे सकाळी पाजवले की दुपारपर्यंत धान कापतात, आणि काही नवे तासाभरात बोथट होतात. लोखंड तेच, आकारही तोच, मग फरक कशात आहे?

‘पूर्वीचे लोखंडच चांगले होते’ हे उत्तर सोपे आहे, पण ते खरे नाही. खरे उत्तर मराठीतल्या एका शब्दात दडले आहे. लोहार पात्याला ‘पाणी देतो’. चांगल्या तलवारीचे पाणी वाखाणले जाते, आणि ताठ कण्याच्या माणसालाही आपण पाणीदार म्हणतो. जुन्या हातअवजाराचे मोल त्याच्या वयात नसते आणि त्यावरच्या छापातही नसते. लोहाराने तापवून, विझवून, पुन्हा तापवून धारेत जी अवस्था बांधून ठेवली, तिच्यात ते असते. ती अवस्था डोळ्यांना दिसत नाही. गंजाने ती वरवर झाकली जाते, पण नाहीशी होत नाही. नाहीशी होते ती उष्णतेने. म्हणून अवजार घरी आणल्यावर हौशी माणूस जे सर्वांत आधी करतो, म्हणजे ग्राइंडरवर धरून त्याला चकाकी आणतो, तेच त्या अवजाराच्या जिवावर बेतते. हे नीट समजायला लोहाराच्या भट्टीत काय घडते ते पाहावे लागेल.

पाकाचा थेंब

शुद्ध लोखंड मऊ असते. त्याला धार लागते, पण ती टिकत नाही. त्यात थोडा कार्बन मिसळला, की त्याचे पोलाद होते. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असाही शब्द होता, तीक्ष्ण या शब्दाशी नाते सांगणारा. हे प्रमाण फार थोडे असते. बांधकामाच्या साध्या पोलादात शंभर भागांत पाव भागाच्या आसपास, धारेच्या पोलादात साधारण 0.6 ते 1.2 भाग. कार्बन 2 टक्क्यांच्या वर गेला की ते बीड होते आणि घणाखाली तुकडे पडतात. म्हणजे मऊ पट्टी, विळा आणि बीडाचा तवा यांच्यातला फरक हा कोळशाच्या चिमूटभर अंशाचा आहे.

पण कार्बन असणे पुरेसे नाही, तो कोणत्या स्थितीत आहे हे निर्णायक ठरते. साखरेच्या पाकाचे उदाहरण घेऊ. गोळीबंद पाक झाला का हे पाहायला त्याचा थेंब गार पाण्यात टाकतात. थेंब झटकन घट्ट होतो, कारण साखरेला आपापले कण जुळवून बसायला वेळच मिळत नाही. तोच पाक सावकाश निवू दिला तर साखर वेगळी होऊन रवाळ बसते. तापलेल्या पोलादात कार्बन असाच विरघळलेला असतो. सुमारे 750 ते 800 अंश सेल्सिअसला, पाते पिकल्या करवंदाच्या गराइतके लाल झाले, की लोखंडाच्या कणांची मांडणी बदलते आणि त्यांच्यामध्ये कार्बनला जागा मिळते. सावकाश थंड केले तर कार्बन वेगळा होतो आणि पोलाद पुन्हा मऊ पडते. पाण्यात बुडवून एकदम थंड केले, तर बाहेर पडायला वेळ न मिळाल्याने कार्बन आतच अडकतो. कणांची रचना ताणली जाते, आणि हा ताण म्हणजेच कडकपणा.

असे विझवलेले पाते काचेइतके कडक असते आणि काचेसारखेच फुटते. म्हणून दुसरी पायरी येते. लोहार त्याचा एक भाग घासून चकचकीत करतो आणि ते हलक्या आचेवर पुन्हा तापवतो. चकचकीत जागी रंग चढू लागतात. सुमारे 230 अंशांना फिकट पिवळा, मग तपकिरी, 280 च्या आसपास जांभळा आणि 300 ला निळा. हे रंग पोलादाचे नसून वर धरणाऱ्या अतिशय पातळ थराचे असतात. पावसाळ्यात डबक्यावर तेल सांडले की जसे रंग दिसतात, तसेच हे. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो आणि लोहाराला तो तापमापकासारखा वाचता येतो. या दुसऱ्या आचेने अडकलेला थोडा कार्बन मोकळा होतो, थोडा कडकपणा जातो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. रंध्याच्या पात्याला पिवळा रंग पुरतो, कारण त्याला फक्त कापायचे असते. घाव झेलणाऱ्या छन्नीला जांभळ्यापर्यंत न्यावे लागते. लवचीक करवत निळ्यापर्यंत जाते.

हे ज्ञान फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांना पाणी देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षारात, पाण्यात आणि तेलात. शस्त्र हाड कापणार, मांस कापणार की शीर उघडणार, यावर प्रकार ठरतो. तेलात पाते पाण्यापेक्षा सावकाश निवते, म्हणून तडकण्याचा धोका कमी होतो. कारण रसायनशास्त्राने सांगितले ते अलीकडे, कृती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हातात होती.

नख आणि बोट

जुन्या पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची कड घासून उजेडात तिरपी धरा. पुष्कळदा धारेपासून थोड्या अंतरावर एक बारीक रेघ दिसते. रेघेच्या एका बाजूला उजळ धातू, दुसऱ्या बाजूला राखाडी. हे एक पाते नव्हे, दोन धातूंचा जोड आहे. शरीर मऊ लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पातळ पट्टी, भट्टीत पांढऱ्या आचेवर टाकणखार किंवा वाळू टाकून ठोकून सांधलेली. असे करण्याचे मूळ कारण काटकसर. पोलाद महाग होते, लोखंड स्वस्त. पण त्या काटकसरीतून गुण निघाला. बोटाच्या टोकाला नख कडक असते आणि त्याच्यामागे मऊ मांस धक्का झेलते, म्हणून नख सहसा मोडत नाही. जोडाचे पाते असेच काम करते. शिवाय पाजवताना दगडाला फक्त पातळ पट्टीच घासावी लागते, त्यामुळे धार लवकर लागते.

यावरून संग्राहकाने ध्यानात ठेवायची एक गोष्ट निघते. जुन्या इंग्रजी पटाश्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा दिसला, तर तो बीडाचा माल समजून परत ठेवू नये. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात मुशीत वितळवून ओतलेले एकजीव पोलाद तयार केले, त्याचे ते नाव आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चांगल्या धारेची ती खूण होती. मुशीतले पोलाद भारतात त्याच्या कितीतरी शतके आधी होत होते, ही गोष्टही या ठशाशेजारी आठवावी.

विदर्भात तर मऊ शरीराला कडक धार देण्याच्या या युक्तीचा इतिहास फारच खोल जातो. नागपूर जिल्ह्यातल्या महुरझरी आणि नायकुंड इथल्या शिळावर्तुळांच्या दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर सापडले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. तिथल्या काही वस्तूंच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत धारेच्या भागी मुद्दाम कार्बन वाढवल्याचे दिसले आहे. त्या कुऱ्हाडींना दांडा बसवायला भोक नाही. चपटे पाते लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेले असे. भंडाऱ्याच्या उत्तरेला, मंडला-बालाघाटच्या पट्ट्यात, अगरिया लोक विसाव्या शतकातही छोट्या मातीच्या भट्ट्यांत लोखंड गाळत होते आणि व्हेरिअर एल्विन यांनी 1942 साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अशा भट्टीतल्या लोखंडात राखेचे व मळीचे बारीक धागे राहून जातात. गंजल्यावर ते उघडे पडतात आणि पृष्ठभाग चिरलेल्या बांबूसारखा रेघारेघांचा दिसतो. कुदळीच्या गंजात असा बांबूचा पोत दिसला, तर ते कारखान्यातले साधे पोलाद नव्हे, जुन्या पद्धतीचे घडीव लोखंड आहे असे समजायला आधार मिळतो.

त्याच आगीत पितळ मऊ पडते

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, आणि गावाच्या नावाची एक व्युत्पत्तीही भाण्याशी जोडली जाते. त्यामुळे इथल्या जुन्या लोखंडात कासारांचे हातोडे आणि लांब दांड्याच्या ऐरणी येणे स्वाभाविक आहे. त्यांचे काम लोहाराच्या अगदी उलट चालते. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. पितळ तापवून पाण्यात बुडवले तर मऊच राहते, कारण त्यात अडकून बसायला कार्बन नसतो. पितळ कडक होते ते ठोक्यांनी. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती जागा ताठ होते आणि शेवटी मोडते. आतल्या कणांचे थर एकमेकांवरून सरकतात, अडखळतात, गुंततात. हातोड्याखाली पितळेचे हेच होते. म्हणून कारागीर ठोकतो, पत्रा ताठ झाला की तापवून मऊ करतो, पुन्हा ठोकतो, आणि शेवटचा हात मात्र न तापवता सोडतो. मठारलेल्या भांड्यावरच्या त्या चांदण्या शोभेसाठी आहेत असे वाटते. त्यांनीच भांड्याला ताठपणा दिलेला असतो.

आता अशा कारागिराच्या हातोड्याकडे पाहा. त्याचे तोंड आरशासारखे घोटलेले असते, कारण तोंडावरचा प्रत्येक ओरखडा प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो. कबाडातून असा हातोडा घेऊन त्याचे तोंड जाड पॉलिश पेपरने घासणे म्हणजे शिक्क्याची अक्षरे घासून टाकण्यासारखे आहे. तो अवजार म्हणूनही वाया जातो आणि पुरावा म्हणूनही.

गंज काढावा, पाणी उतरवू नये

गंजाला लोखंड, हवा आणि ओल तिन्ही लागतात. धानाच्या बांध्या आणि तलावांनी भरलेल्या या जिल्ह्यात पावसाळ्याचे चार महिने ओल काही कमी नसते. तांबडा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि सच्छिद्र असतो. ओल्या भिंतीचे पोपडे सुटतात आणि आतली भिंत पुन्हा उघडी पडते, तसा तो फुगतो, सुटतो आणि खालच्या थराला वाट देतो. याउलट जुन्या पात्यावरचा घट्ट काळपट थर लोखंडाला धरून राहतो आणि काही अंशी त्याचे रक्षण करतो. म्हणून तांबडे काढावे, काळे राहू द्यावे. संग्राहकाला सफाईचा एवढा एक नियम पुरेल.

काढायचे कसे? रॉकेल किंवा पातळ तेलात मुरवून तारेच्या ब्रशने हाताने घासणे ही सर्वांत सावकाश आणि सर्वांत निर्धोक रीत. फार गंजलेल्या वस्तूसाठी विजेची रीत आहे. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यायचे, 12 व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक अवजाराला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडायचे. गंज सैल होऊन सुटतो आणि चांगले लोखंड शाबूत राहते. मात्र यात हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा हे उघड्यावर, ठिणगीपासून लांब करावे आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातल्या क्रोमियमपासून विषारी द्रव्य तयार होते. आम्लात रात्रभर बुडवून ठेवणे मला मुळीच पसंत नाही. आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते आणि कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते.

हिरड्याचा काढा इथे विशेष उपयोगी पडतो. विळीवर आवळा किंवा कच्चे केळे चिरले की पाते काळे पडते, ते त्यातल्या तुरट द्रव्यामुळे. हे द्रव्य हिरड्यात भरपूर असते. लोखंडाशी जुळून त्याचा निळा-काळा, स्थिर थर होतो, आणि जुनी काळी शाईही हिरडा-हिराकशीच्या याच मेळातून बने. सुटा गंज घासून काढल्यावर काढ्याचा हात फिरवला तर उरलेला गंज काळा होऊन बसतो. त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ पुट द्यावे. ते हवेत घट्ट होऊन पापुद्रा धरते, आणि धावड्याच्या जुन्या दांड्यालाही तेच मानवते. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

आणि ग्राइंडर? वेगाने फिरणाऱ्या दगडावर पातळ धार क्षणात 300 अंशांच्या वर जाते. तिथे निळी झाक उमटली, की पटाशीचे पाणी तेवढ्या भागापुरते उतरले. ती झाक घासून काढता येते, गेलेला कडकपणा घासून परत येत नाही. निळा भाग संपेपर्यंत धार मागे न्यावी लागते किंवा लोहाराकडून नव्याने पाणी द्यावे लागते.

| चौकट: बाजारात उभ्या उभ्या करायची परीक्षा |
|---|
| खिशात एक बारीक कानस ठेवा आणि विक्रेत्याला विचारून ती धारेवर हलकेच फिरवा. कानस घसरली तर पोलाद कडक आहे, सहज चावली तर मऊ. पाते बोटावर तोलून टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा नाद चांगला, भद्द आवाज आला तर तडा शोधा. कडेवर जोडाची रेघ पाहा. धार किती उरली आहे ते पाहा, कारण पोलादी पट्टी झिजून संपली असेल तर उरलेले लोखंड कितीही पाजवले तरी धार धरणार नाही. खोल खड्डे धारेच्या सपाट बाजूला असतील तर वस्तू मांडणीसाठी घ्या, कामासाठी नको. |

नवे वाईट आणि जुने चांगले, असे आहे का?

नाही. आजचा कारखाना कार्बन, मँगनीज, क्रोमियम यांचे प्रमाण आणि भट्टीचे तापमान ज्या अचूकतेने सांभाळतो, ते जुन्या लोहाराला शक्य नव्हते. त्याच्या एका दिवसाच्या दहा विळ्यांतही फरक पडे. जुनी अवजारे चांगली वाटण्यामागे निवडीचाही भाग मोठा आहे. तेव्हाची वाईट पाती मोडली, वाकली आणि केव्हाच भट्टीत गेली. चांगली राहिली म्हणून आपल्यापर्यंत आली. उरलेल्यांकडे पाहून सगळ्या काळाला गुण देणे ही गणिताची चूक आहे. आणि आजचा गावचा लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून जो विळा घडवतो, त्याचे पोलाद उत्तमच असते. बाजारातला स्वस्त नवा विळा कमी पडतो तो नवा आहे म्हणून नव्हे, तर कमी कार्बनच्या पत्र्यातून कापलेला असतो किंवा त्याला नीट पाणी दिलेले नसते म्हणून. कसोटी पाण्याची आहे आणि ती जुन्या-नव्याला सारखीच लावावी.

आधुनिक पोलादाच्या गोष्टीत भंडाऱ्याचाही वाटा आहे. 1856 साली बेसेमरने वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून स्वस्त पोलाद करण्याची रीत काढली, पण त्यात ऑक्सिजन आणि गंधक राहून ते घणाखाली फुटे. रॉबर्ट मुशेटने मँगनीज असलेले लोखंड मिसळून हा दोष घालवला. मँगनीज या दोघांना बांधून निरुपद्रवी करते. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी याच धातूच्या आहेत. आज त्या चालवणाऱ्या मॉइल कंपनीचे मूळ 1896 च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जाते. घडीव लोखंड आणि जोडाची पाती मागे पडली ती अशा पोलादापुढे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: संग्राहक अवजार कामातून काढून भिंतीवर टांगतो, म्हणजे त्याचा जीवच घेतो. एखाद्या कारागिराच्या हातातले चालते अवजार पैसे देऊन सोडवून आणणे मलाही मान्य नाही. पण पोत्यावर आलेले अवजार कामातून आधीच निघालेले असते. त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, किलोच्या भावाने वितळणे किंवा कोणीतरी ओळखून उचलणे. वितळले की लोखंड परत मिळते, जोड आणि पाणी मिळत नाही. उचलणाऱ्याने ते पाजवून वापरले तर फारच उत्तम. धार वापराने झिजते, पण जपून पाजवलेले पाते पिढीभर पुरते.

कोणाच्या हातातले?

अवजारात धातूखेरीज आणखी एक नोंद असते, झिजेची. दांडा कुठल्या बाजूला गुळगुळीत झाला यावरून हात उजवा की डावा ते कळते. विड्यांसाठी तेंदूपान कापणारी कात्री आणि पत्र्याचा फर्मा, वखराची पास, गाडीच्या चाकाला धाव चढवायचे सांडस, या वस्तू त्या त्या धंद्याचे माप सांगतात. पण ही नोंद अर्धीच असते. उरलेली अर्धी विक्रेत्याच्या किंवा मूळ घराच्या तोंडी असते: कुठल्या गावचे, काय कामाचे, त्याला तिथे काय म्हणत. इथल्या झाडीपट्टीत एकाच अवजाराला चार गावांत चार नावे असतात आणि ती अवजारांबरोबरच जात आहेत. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास घरोघरच्या अडकित्त्यांसारख्या साध्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. नावगाव लिहिलेली वस्तू अशा ठिकाणी अभ्यासाला येते. नावगाव नसलेली नुसती जुनी राहते.

दोन बाबतींत हात आवरावा. रेल्वेची अक्षरे ठोकलेली हत्यारे विकणाऱ्याकडे रीतसर लिलावाची पावती नसेल तर घेऊ नयेत, कारण रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. आणि शेत नांगरताना किंवा शिळावर्तुळाजवळ जमिनीतून निघालेली लोखंडी वस्तू ही बाजाराची नव्हेच. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ती घासू नये, धुऊ नये, आहे त्या मातीसकट कळवावी.

घरच्या माळ्यावर आजोबांचा विळा, रंधा किंवा हातोडा पडला असेल, तर कबाडीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी तो एकदा खाली काढा. कानस फिरवा, कडेची रेघ शोधा, आणि तो कोणाचा, कुठल्या कामाचा, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका चिठ्ठीवर लिहा. ती चिठ्ठी दांड्याला दोऱ्याने बांधून ठेवा.